झुंबराचा पिवळा लोलक

२५ जुलै ८२, रविवार
पहिला टी-शर्ट छापून हातात आला. निळ्या होजियरीवर पांढरं झुंबर, आणि लोलकांच्या जागी वाद्यं लोंबतायत. ट्रंपेट, अ‍ॅकॉर्डियन, कोंगो, खुळखुळा. 'झुंबर ऑर्केस्ट्रा'त जितके वादक तितके लोलक. महिनाभर बटरपेपरवर काढलं, खोडलं, परत काढलं.
ट्रंपेटवाल्या बापूंनी घालून बघितला तर झुंबर आडवं पसरलं. सगळे हसायला लागले. बापू म्हणाले, "चित्र बरोबर हाय की. माझं पोटच जादा झालंय."
मला हसू आलं नाही. कापड ताणलं की रंगाला भेगा पडतात. प्रिंटर पोवारकाका एरवी इलेक्शनच्या टोप्या छापतात, त्यांना त्याचं काही नाही. उद्या शर्टात पुठ्ठा घालून, ताणून छापायला सांगायचं.

२९ जुलै, गुरुवार
पुठ्ठ्याचं जमलं! भेगा नाहीत.
संध्याकाळी इक्बालभाईंच्या हार्मोनियम दुरुस्तीच्या दुकानात गेले. ऑर्केस्ट्रा त्यांचाच, प्रॅक्टिसही तिथंच. माझी कल्पना सांगितली: झुंबर सगळ्यांचं एकच, पण ज्याच्या अंगात शर्ट त्याचं वाद्य तेवढं पिवळं. ते मी ब्रशनं हातानं रंगवणार. कुणी मोठा नाही, कुणी मागचा नाही.
खुळखुळा वाजवणारा दत्तू कायम कोपऱ्यात उभा असतो. म्हणाला, "म्हंजे माझ्या शर्टावर म्होरक्या मीच?" हो म्हटलं. तो किती वेळ शर्टाकडं बघत बसला.
इ.भाईंनी अ‍ॅकॉर्डियन खाली ठेवला. "गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवरनं तुमचं नाव घेणार, विजयाताई. शब्द हाय माझा."
घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. पेठेसमोर, माईकवरून, माझं नाव. बी.ए.चा निकाल लागला तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

८ ऑगस्ट, रविवार
दिवसभर पिवळा रंग. घरभर वास. आईनं खिडक्या आपटून आपटून उघडल्या.
आबा फाउंड्रीतून आले ते दारातच थांबले. "बी.ए. होऊन बँडवाल्यांची बनियनं रंगवायची व्हय?" मी म्हटलं, बँड नाही, ऑर्केस्ट्रा. "वाजवत्यात न्हवं? मग बँडच."
दादा मधे पडला. "आबा, करू दे की तिला."
मी कॉलेजात जावं म्हणूनही हाच आबांशी भांडला होता. स्वतः मॅट्रिकला अडकला, स्पेअर पार्टच्या दुकानात लागला, पण माझ्यासाठी उभा राहिला. दादा घरात असला की मला कशाची धास्ती वाटत नाही.
एक शर्ट जास्तीचा छापून घेतला होता, तो त्याला दिला. म्हणाला, मला कुठं काय वाजवायला येतंय? मग मी एका लोलकाच्या जागी पाना काढला, नट आवळायचा, आणि पिवळा रंगवला. बेहद्द खूश.

१५ ऑगस्ट, रविवार
वडगावचे लोक बघून गेले.
आईनं मालूमावशीकडून आजऱ्याहून मण्यांचं सामान मागवलं होतं. मण्यांचा मोर, तोरण, सुस्वागतम्. "सगळं आमच्या विजूनं केलंय." हा मोर आमच्या नात्यातल्या किती मुलींच्या बघण्याला भिंतीवर बसला असेल कोण जाणे. सगळीकडं असंच चालतं, त्याचं मला काही वाटलं नाही. मी इतकंच म्हटलं होतं की मोराशेजारी माझा एक टी-शर्टही राहू दे. आई नको म्हणाली. म्हणून मीच दादाला त्याचा शर्ट घालायला लावला.
मुलाच्या मामांची नजर त्याच्यावरच गेली. "लई भारी हाय ओ. काढलं कुणी हे?"
माझ्या हातात पोह्यांचा ट्रे. मी तोंड उघडलं.
"आमच्या सुरेशनं," आई म्हणाली.
"पाना बघितला तवाच वळाकलं," मामा म्हणाले.
दादानं माझ्याकडं बघितलं. मग शर्टाकडं. मग मामांना म्हणाला, "व्हय. आपलं फावल्या वेळात."
मुलगा पतसंस्थेत क्लार्क आहे. निघताना फक्त विचारलं, पिवळा रंग हातानं दिलाय ना? दादा हो म्हणाला.
फावल्या वेळात.

१६ ऑगस्ट, सोमवार
दादाला गाठलं. त्याचं म्हणणं, स्थळ चांगलं आहे. बँडवाल्यांत उठबस करणारी मुलगी म्हटल्यावर ते पोह्यांची बशी टाकून उठले असते. "तुझ्यासाठीच बोललो, विजे."
पाना मी काढला होता. त्याला आवडेल म्हणून काढला होता.
असू दे. गणपतीत इ.भाई नाव घेणार आहेत. वडगावकर काय समजायचं ते समजोत, पेठेला तरी कळेल.

२७ ऑगस्ट, शुक्रवार
कार्यक्रम झाला.
दिवे लागले तसे सगळे पिवळे लोलक एकदम उजळले. शेजारची बाई म्हणाली, बघा प्रत्येकाचं वेगळं हाय. माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या रांगेत वडगावचे मामा बसले होते. आईनं बोलावलं असणार.
मध्यंतराआधी इ.भाईंनी माईक घेतला. मी पदर सारखा केला. हे आता लिहिताना लाज वाटते.
"हे शर्ट काढलेत आपल्याच पेठेतल्या सुरेशनं."
टाळ्या. दादाला वर बोलावलं. तो गेला. नारळ घेतला, लोकांना हात जोडले. बापू ट्रंपेट पुसत राहिले, मान वर केली नाही. दत्तू तेवढा माझ्याकडं बघत होता, आणि टाळ्या वाजवत नव्हता.

२८ ऑगस्ट, शनिवार
इ.भाईंच्या दुकानात गेले. पेटी उघडून सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, काढून ठेवलेले.
"आई आलत्या तुमच्या. रडाय लागल्या. पोरीचं लगीन मोडंल म्हणाल्या. मी काय करू सांगा? माझ्याबी घरात दोन पोरी हायत."
शब्द तुम्ही मला दिला होता, आईला नव्हे, म्हटलं. त्यांनी एक सूर ओठांशी धरून फुंकला, परत खाली ठेवला. म्हणाले, नावाचं काय घेऊन बसलात, चित्र तर तुमचंच हाय.
चित्र माझंच, हे मला एकटीला कळून काय करू?
घरी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, सूपसुद्धा थांबलं नाही. "व्हय, मीच गेलतो. परत जायला लागलं तर परत जाईन." तिच्यावर रागावले, पण निदान ती केलेलं तोंडावर सांगते. दादा दुपारपासून घरात नाही.

२ सप्टेंबर, गुरुवार
वडगावहून निरोप. मुलगी पसंत. पितृपंधरवडा लागतोय म्हणून बोलणी नंतर. पण मामांच्या गल्लीतल्या बेंजो पार्टीला दसऱ्याला टी-शर्ट हवेत, आणि चित्राला पंधरवडा आड येत नाही. रविवारी येणार. सुरेशनं समोर बसून काढायचं, म्हणजे ज्याला जे सांगायचं ते तिथंच सांगता येईल. मुलगाही येणार आहे.
मुलाच्या आईला मण्यांचा मोर हवाय, माझ्या हातचा. त्याचं पत्र आईनं आजऱ्याला टाकलंसुद्धा.
मोराची सोय झाली. दादाचा चेहरा पांढरा पडलाय.

३ सप्टेंबर, शुक्रवार
"नुसता ट्रंपेट तरी शिकव, विजे."
बसवलं. त्याचा ट्रंपेट आमटीच्या पळीसारखा. दुसरा काढला, तोही पळीच. तिसऱ्याला कागद फाटला. "हसू नको की." मी हसत नव्हते. मग मात्र हसले, तोही हसला, आणि क्षणभर सगळं पूर्वीसारखं झालं.
तेवढ्यात तो म्हणाला, "तू आधी काढून ठेव. बटरपेपरमधनं दिसतंय, मी त्यांच्यापुढं वरनं गिरवतो."
आणि लग्नानंतर?
"वडगाव काय लांब हाय व्हय? काम मी आणायचं, तू काढायचं. घरातल्या घरात."
म्हणजे त्यानं पुढचं सगळं ठरवून ठेवलंय. आबांपुढं माझ्यासाठी उभा राहिलेला दादा मी त्याच्या तोंडावर शोधत होते. तसाच तर दिसतो.

४ सप्टेंबर, शनिवार
उद्या सकाळी येतील. मी चित्र काढून ठेवलं नाही. काढणार नाही असंही म्हटलेलं नाही. दादा दर थोड्या वेळानं दारात येऊन उभा राहतो, कागद कोराच आहे का बघून जातो.
त्यानं उद्यासाठी तो शर्ट स्वतः धुतलाय. पोवारकाकांचं पांढरं टिकलं, पण माझा पिवळा हातचा, पाना अर्धा धुऊन गेलाय. पिवळ्याची डबी माझ्यासमोर आणून ठेवली त्यानं. मी उघडली नाही.
आबांनी पाट काढून ठेवला. त्यावर बटरपेपर ताणून चारी बाजूंनी टाचण्या मी मारल्या, कागद सरकला की रेघ बिघडते म्हणून. सवयीनं झालं. पाट मुलासमोरच मांडायचा, आबा म्हणतात.
दोन पेन्सिलींना टोक केलं. एक दादाला दिली. दुसरी अंबाड्यात खोचून बघितली, पडत नाही.
चहाचा ट्रे मीच न्यायचा आहे. कप ठेवून झाले की माझे दोन्ही हात मोकळे असतील.