आईच्या पिवळ्या कॅप्सूल

३ मार्च, सकाळी ७.१०
आईच्या पेल्यात पाणी ओतत होतो. तिची बाही वर सरकली — दंडावर जांभळा डाग!
"कुठे आपटलीस?"
"आठवत नाही रे."
दादा दाढी करता करता म्हणाला, "तुझ्या त्या पिवळ्या कॅप्सूल! आणखी दे!"
माझ्या कुठल्या? जाड्याच्या. तोच म्हणाला होता, 'ई जीवनसत्त्व आहे, हृदयाला उत्तम. नैसर्गिक, अपाय कसला!' नववीपर्यंत एका बाकावर बसलो आम्ही. औषधाच्या दुकानात तो आहे म्हणून मी निर्धास्त होतो.

५ मार्च
डॉक्टरीणबाई माझ्यावरच चिडल्या. "रक्त पातळ करायची गोळी चालू असताना एवढा मोठा डोस? रक्तस्राव होऊ शकतो. बंद करा आधी! बदाम, शेंगदाणे खाऊ दे, तेवढं ई पुरतं." आई खाली मान घालून बसली होती.
तडक दुकानात गेलो. आईची रक्ताची गोळीसुद्धा जाड्याच देतो! त्याला ठाऊक नव्हतं?
"अरे, डोक्यातच आलं नाही... चुकलं माझं."
गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "तू मला मेलास."
केसाने गळा कापला. दादाने बाटली कचऱ्यात फेकली. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "शेवटी आपलं माणूस ते आपलं."

६ मार्च
कामावर चष्म्याच्या दोन काचा घासताना फुटल्या. मालक बोलले. बोलू देत.

१४ मार्च
जुना डाग पिवळा पडलाय. दुसऱ्या दंडावर नवा! कॅप्सूल तर बंद आहेत.
फरशीवर तेलकट पावलं दिसली. मोरीपाशी आई पाटावर बसलेली, हातात सुई, शेजारी तीच बाटली — कचऱ्यातून उचललेली. कॅप्सूल फोडून भेगांना तेल चोळत होती.
"गिळवत नाहीत रे मला. पहिल्यापासून टाचांनाच लावते. तू एवढ्या हौसेने आणायचास, सांगू कशी?"
"एकही पोटात गेली नाही?"
"एकही नाही."
"मग हे डाग कसले?"
"जाऊ दे ना. तुम्ही दोघं भाऊ नीट राहा म्हणजे झालं."

१५ मार्च
नव्या डागावर माझी बोटं ठेवून पाहिली. चार खुणा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, अंगठ्याची आतल्या. माझा पंजा लहान पडतो.
या घरात याहून मोठा पंजा एकच आहे.