नववे ऊन मिळण्याबाबत

दिनांक : १३ नोव्हेंबर, पहाटे

प्रति,
माननीय विभागप्रमुख,
औषधनिर्मिती सौर ऊर्जा कक्ष,
जिल्हा कार्यालय, यांगजीगोल

विषय : औषधी मुळी वाळविण्यासाठी आजचा एक दिवस ऊन मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपले वसंतातले पत्र, 'चुकीची माहिती दिल्याबद्दल समज'.
२) आपले गेल्या आठवड्यातले पत्र, 'वेष्टनावरील मजकुराबाबत खुलासा'.

महोदय,

"पोरी, नववं ऊन मिळाल्याशिवाय शिक्का उचलू नकोस. घाई करणारे पुष्कळ येतील. तू आपली सूर्याकडे बघ." हे शब्द माझे दिवंगत सासरे ह्वांग दक-सू यांचे. शेवटच्या आजारात त्यांनी आमच्या औषधशाळेचा शिक्का माझ्या हाती ठेवला आणि मी 'होय' म्हटले. अर्जाची सुरुवात अशी करू नये हे मला कळते. पण पुढचे सारे त्या एका 'होय'मुळे घडले आहे, म्हणून आधी लिहिले. क्षमा असावी.

१. आमच्या औषधशाळेत जीह्वांगची मुळी तयार होते. तांदळाची दारू शिंपडून ती वाफवायची, मग बांबूच्या परड्यांत पसरून अंगणात उन्हाला ठेवायची. पुन्हा वाफ, पुन्हा ऊन, असे नऊ वेळा. तेव्हा कुठे ती डांबरासारखी काळी आणि तोंडात टाकली तर गोड लागते. (मी दारूला शिवत नाही. ते काम आमच्याकडच्या जुन्या कामकरीण पुन-इ मावशी करतात, आणि जरा जास्तच मन लावून करतात.) वेष्टनावर 'नऊ वाफा, नऊ उन्हे' असे छापलेले असते व त्याखाली माझा शिक्का असतो. बाळंतिणी आणि अंगात रक्त नसलेली म्हातारी माणसे तो शिक्का पाहून औषध घेतात.

२. वसंतात आपली योजना आली, की औषध कारखान्यांनी सौर ऊर्जा वापरावी. योजना चांगली आहे, हे मी मनापासून लिहिते. पाहणीच्या तक्त्यात प्रश्न होता, 'सध्या सौर ऊर्जा वापरता काय?' मी लिहिले, 'होय. सासऱ्यांच्या आजोबांपासून.' आपले निरीक्षक खो खो हसले. "अहो काकू, उन्हात परड्या मांडणं म्हणजे सौर ऊर्जा नव्हे. आमची आई रस्त्याच्या कडेला मिरच्या वाळवते, मग तिलाही अनुदान द्यायचं का?" त्यावर पुन-इ मावशी म्हणाल्या, "द्या की! म्हातारी आशीर्वाद देईल, आणि मिरच्या मिळतील त्या वेगळ्या." पुढे संदर्भ क्रमांक १ चे पत्र आले. मी रोज पहाटे बुद्धासमोर एकशे आठ दंडवत घालते आणि खोटे बोलणार नाही हे व्रत रोज नव्याने घेते. तरी सरकारदप्तरी माझ्या नावापुढे 'चुकीची माहिती' लागली. ते मी सोसले.

३. आमचे छप्पर जुने. सौर पॅनेलचे वजन त्याला पेलवेना, म्हणून अंगणातच लोखंडी खांब उभे राहिले. पॅनेल मात्र गेल्या आठवड्यात चढली. तोवर या हंगामाच्या मुळीला आठ उन्हे मिळून गेली होती. आता वीज भरपूर आहे. दळणयंत्र चालते, वाफेचा बंब चालतो; पावसाळी दिवसांत गरम हवेचे कपाट उपयोगी पडेल, त्याला कोण नावे ठेवील? पण अंगणात सावली झाली. पूर्वी जे ऊन मुळीवर पडे, ते आता वरच्या काचेत शिरते, तारेतून हिंडते, कपाटात उतरून गरम हवा होते आणि तीच मुळी वाळवते. पुन-इ मावशींच्या भाषेत सांगायचे तर, "वाढलेलं ताट उचललं, पाहुण्याच्या गावाला धाडलं, आणि आपण तिथून ढेकर मागवला." मी त्यांना गप्प केले. 

४. म्हणून मी आपणास लेखी विचारले, की कपाटात वाळलेल्या मुळीवर 'नऊ उन्हे' लिहावे काय. संदर्भ क्रमांक २ अन्वये आपण कळविले, 'सदर वीज सूर्यापासून निर्माण होत असल्याने ते ऊनच समजावे.' महोदय, मी दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली. पहिल्याप्रमाणे ऊन म्हणजे सौर ऊर्जा नव्हे. दुसऱ्याप्रमाणे सौर ऊर्जा म्हणजे ऊनच. सही एकाच हाताची आहे. आपला अवमान करण्याचा हेतू नाही. मला फक्त कोणते पत्र पाळावे ते कळत नाही. डोंगरावरच्या मठातील भिक्षुणींना विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, "दिव्याला ऊन म्हणायचं ठरवलंस, तर मग झोपायचं कधी, बाई?"

५. आमचे संचालक ह्वांग सांग-ग्यू माझे पुतणे. माणूस वाईट नाही; त्याला इथे राबणाऱ्यांच्या बारा घरांच्या चुली दिसतात. काल तो म्हणाला, "काकू, मारून टाका शिक्का. सूर्य काही तक्रार घेऊन येणार नाही." मी म्हटले, "बाबा रे, तो रोज येतो." त्याने कपाळाला हात लावला. हा माल गेला नाही तर हिवाळाभर औषधशाळा बंद, आणि परड्यांतली मुळी उलटणाऱ्या बायका घरी, हे त्याने स्पष्ट सांगितले. वेष्टनावर 'आठ उन्हे व एक वीज' छापू, असे मी सुचवले. तो म्हणाला, "मग बाळंतिणींनी औषध घ्यायचं की बटण दाबायचं?"

६. नववी वाफ काल देऊन झाली. मुळी ओली आहे. आज ऊन मिळाले नाही तर आंबेल. आज आकाश स्वच्छ आहे आणि उद्यापासून पाऊस सांगितला आहे. शिक्का मारावा तर व्रत मोडते, न मारावा तर बारा घरे मोडतात. याच महिन्यात सासऱ्यांचे वर्षश्राद्ध आहे. त्यांच्यापुढे भात ठेवून वाकेन तेव्हा काय सांगू? 'बाबा, नववे ऊन तारेतून आले' असे सांगू? आपण सुचवाल ते वाक्य मी पाठ करीन.

७. तरी विनंती की अंगणाच्या दक्षिणेकडील एक रांग पॅनेल आज सकाळी उतरविण्याचा आदेश द्यावा. इतक्या तातडीने ते शक्य नसल्यास, मी नियम वाचले आहेत. औषधी माल परवान्याच्या आवाराबाहेर नेता येत नाही. अपवाद एकच, तपासणीसाठी आपल्या कार्यालयात सादर करणे. आपल्या कार्यालयाचे पुढचे अंगण दक्षिणाभिमुख आहे. तेथे झाड नाही, पॅनेलही नाही. फक्त गाड्या उभ्या असतात. त्या जरा बाजूला घ्याव्यात, एवढीच तसदी.

पुतण्यापासून काही लपवले नाही. त्याने 'जा'ही म्हटले नाही आणि 'नको'ही म्हटले नाही. फाटक मात्र उघडे ठेवले आहे. पुन-इ मावशी हातगाडीला दोर बांधत आहेत. माझे दंडवत झाले. हा अर्ज घडी घालून कमरेला खोचते आणि आम्ही निघतो. उन्हे वर येईपर्यंत पोचू.

उन्हाखेरीज काही न मागणारी,
आपली नम्र,
बांग जंग-इम
शिक्काधारक, ह्वांग औषधशाळा, यांगजीगोल
(सही केली आहे. शिक्का संध्याकाळी.)

सोबत :
१) संदर्भातील दोन्ही पत्रांच्या नकला.
२) जीह्वांगची मुळी, नववी वाफ झालेली, हातगाडीभर परड्या, तपासणीसाठी. कृपया फायलीत लावू नयेत, उघड्यावर ठेवाव्यात. मधून मधून मुळी उलटावी लागते, ते मी शेजारी बसून करीन.