एकीचं मलम पाच जणांत

४ एप्रिल, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. घरात कोणीतरी सगळं शिस्तीत नोंदवून ठेवायला हवं. आईला वेळ नाही, ताईला अक्षर नाही. राहिलो मी.

चिंधीच्या कानामागे टक्कल पडलंय. गोल. शर्टाच्या बटणाएवढं. (चिंधी म्हणजे मांजराचं पिल्लू. गॅरेजच्या मागे सापडलं. मी जॅकेटमधून घरी आणलं, त्याला आज अकरा दिवस झाले.) आई बघून म्हणाली की हे गजकर्ण आहे. मला पटलं नाही. पण मी तसं बोललो नाही. मी लाजरा आहे म्हणतात लोक. लाजरा नाही, मोजकं बोलतो. शाळा पण त्यामुळेच सुटली. तिथे फार बोलावं लागायचं.

आईचा हुकूम असा. घरात शिवणकाम चालतं. लोकांचे कपडे येतात-जातात. कपड्यांवरून गजकर्ण कोणाला गेलं तर उद्यापासून मशीनवर झाकण. म्हणून तीस तारखेच्या आत घरातून गजकर्ण गेलं तर चिंधी राहील. नाही गेलं तर गोदामवाले काका तिला नेतील. त्यांच्याकडे उंदीर फार झालेत, कधीपासून मांजर मागतायत.

सव्वीस दिवस. मी दहात आटपतो.

५ एप्रिल
जनावरांच्या दवाखान्यात गेलो. एकटा. (चिंधी होती, पण ती माझ्यापेक्षा कमी बोलते.) डॉक्टर बाई चांगल्या आहेत, पण प्रश्न फार विचारतात. घरात अजून प्राणी आहेत का, असं विचारलं. तेव्हा खोलीत एक पोपटवाले आजोबा होते, आणि आजोबा आणि पोपट दोघेही माझ्याकडेच बघत होते. मी मान हलवली. आडवी. बाईंनी एका मांजराचं औषध दिलं. एक मलम, एक शाम्पू. आठवड्याने परत दाखवायला सांगितलं.

खोटं बोललो नाही. बोललोच नाही.

तसे घरात अजून चार आहेत. इन्स्पेक्टर, म्हणजे कुत्रा. दिवसभर दारात पडून एका डोळ्याने चौकशी करतो. काकू, म्हणजे मोठं मांजर. तोंड कायम वाकडं. आणि दोन ससे, मोठा आणि धाकटा. धाकटा आता मोठ्याच्या दीडपट आहे, पण एकदा पडलेलं नाव पडलं. त्या चौघांना काहीही झालेलं नाही. मग कशाला सांगायचं?

७ एप्रिल
आयसोलेशन वॉर्ड तयार. इस्त्रीच्या टेबलाखाली खोका, वर जुना पडदा. चिंधीने तिथेच राहायचं. नियम कडक आहे. कोणालाही सूट नाही.

दुपार. चिंधी फार ओरडते. सूट दिली. फक्त माझ्या मांडीवर.

९ एप्रिल
काकूच्या शेपटीवर गोल. इन्स्पेक्टरच्या पंजावर गोल. हा योगायोग आहे.

पण मी गाफील राहणारा माणूस नाही. आजपासून मलम सगळ्यांना. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या की वाटाण्याएवढं घ्यायचं. मी वाटाण्याचे पाच भाग केले. आमच्या घरात एकाला काही दिलं की बाकीचे चौघे रांगेत बसतात, हे बाईंना काय माहीत. एकीलाच लावलं असतं तर काकूने आठवडाभर पाठ केली असती. सगळ्यांना एकाच बोटाने लावलं, म्हणजे कोणाला कमी कोणाला जास्त असं व्हायला नको. नंतर एकाच कंगव्याने सगळ्यांना विंचरलं. घरात समानता पाहिजे.

१२ एप्रिल
शाम्पू संपत आला. त्यात पाणी घातलं. फेस कमी येतो, पण फेसाने काय होतंय, आतलं औषध महत्त्वाचं.

सशांना अंघोळ घातली. परत कधीच नाही. धाकट्याने मला लाथ मारली, मोठ्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच माफी मागितली.

आज दवाखान्यात परत दाखवायचा दिवस होता. गेलो नाही. प्रगती चांगली असताना डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा.

१५ एप्रिल
ताईच्या मानेवर गोल. ताई पार्लरमध्ये काम करते. घरी येऊन तिने जो तमाशा केला तो लिहीत नाही. सारांश असा की गिऱ्हाईक बाईने आरशातून तिची मान बघितली आणि अर्धं फेशियल तसंच सोडून उठून गेली. ताई म्हणाली की तुझ्या मांजराने माझी मान कापली. मी मनात म्हणालो की कापली नाही, फक्त गोल केलाय.

ताई म्हणते जा आणि डॉक्टरला खरं सांग, तोंडात काय बोळा घातलाय का. तोंडाचा काय संबंध. आधी प्लॅन हवा. उद्या प्लॅन.

१८ एप्रिल
प्लॅन केला. चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत एवढंच: नमस्कार. एक नाही, पाच आहेत. औषध वाढवून द्या. तीन वेळा पाठ केली. बसमध्ये कोणी नसताना मोठ्याने पण म्हणून बघितली. उत्तम जमली.

दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं की काय हवंय. मी म्हणालो, पाणी.

त्याने दिलं. प्यायलो. थँक्यू म्हणालो आणि घरी आलो. निदान तोंड उघडलं. एका दिवसात सगळंच कसं होईल.

२१ एप्रिल
माझ्या मनगटावर डास चावलाय. गोल चावलाय. काही डास गोल चावत असतील. सशांच्या कानांवर पण तेच चावलेत.

मलमाची ट्यूब कात्रीने उभी कापून आतलं खरवडलं. आता मोहरीएवढं येतं एकेकाच्या वाट्याला. बोटाला उरलेलं मनगटावरच्या डासाला लावलं. चिंधीच्या कानाचा गोल आता ओव्हरकोटाच्या बटणाएवढा झालाय. पण मध्यभागी जरा बरा वाटतो. म्हणजे आतून बाहेर बरा होत असणार.

२५ एप्रिल
आज वाईट झालं. गोदामवाल्या काकांच्या हमालांचे तीस युनिफॉर्म आईकडे आलेत. काज-बटणं माझ्याकडे असतात. दहावा शर्ट आईने उजेडात धरला, खिशावर मांजराचे केस. आई ओरडली नाही. तिने मशीन थांबवलं आणि तो शर्ट झटकत बसली. खूप वेळ. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी सांगणार होतो की इस्त्रीच्या वाफेने सगळं मरतं. नाही सांगितलं. नक्की मरतं का ते माहीत नाही.

पाच दिवस राहिले. अजून सगळं हातात आहे.

२९ एप्रिल
मनगटावरचे डास तीन झाले.

उद्यासाठी भाषण तयार आहे. चार मुद्दे. एक, चिंधी बारीक आहे, गोदामातले उंदीर तिच्यापेक्षा मोठे. दोन, तिला माझी सवय आहे. तीन, तिला गजकर्ण आहे, तुमचा तोटा होईल. चार, प्लीज. इन्स्पेक्टरसमोर म्हणून दाखवलं. दुसऱ्या मुद्द्याला झोपला, पण तो गंभीर बोलणं ऐकताना डोळे मिटतो.

३० एप्रिल
काका अकरा वाजता आले. बरोबर भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. आईने चिंधीकडे बोट केलं आणि परत मशीनवर मान घातली. काका चिंधीला उचलताना मला म्हणाले की काय रे मुक्या, देतोस ना खुशीने?

चारही मुद्दे गेले. पहिल्या मुद्द्यातला बारीक हा शब्द पण गेला. मग मी एकदम बोललो. गजकर्ण आहे. पाच जणांना आहे. मी एकीचंच औषध आणलं आणि सगळ्यांना लावलं. मला पण आहे.

एवढं सलग मी नववीनंतर बोललो नव्हतो. वाटलं आता काका चिंधीला खाली टाकतील.

काका हसले. म्हणाले, अरे असू दे की, आमच्या हमालांना दर उन्हाळ्यात होतं, घामाने, कोणी मेलं नाही अजून. आणि चिंधीला खोक्यात ठेवून झाकण लावायला लागले.

तेव्हा आईने मशीनवरून पाय काढला. म्हणाली की खोका खाली ठेवा. अर्धं शिवलेलं मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिलंय का? बरी झाली की स्वतः पोचवीन. आणि तुमचे युनिफॉर्म पण उशिरा मिळतील, सगळे परत धुणार आहे. काका म्हणाले, वहिनी, मांजर आहे ते, सफारी सूट नाही. आई म्हणाली की माझ्या घरातून जाणार आहे ना? मग नीट जाईल.

काका खोका ठेवून गेले.

म्हणजे मी जिंकलो! चिंधी राहिली. ते बरी झाली की वगैरे आई बोलण्याच्या ओघात बोलली असणार.

१ मे
आईने सगळ्यांना रिक्षात घातलं. मला पण. दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं की एका मांजराचं मलम तू पाच जणांना लावलंस? मी म्हणालो, सहा.

बाईंनी दिवा बंद करून निळा दिवा लावला. त्यात गजकर्ण हिरवं चमकतं. चिंधीचा कान चमकला. काकूची शेपटी चमकली. मग बाईंनी सहज माझ्या हातावर दिवा धरला. आई हं एवढंच म्हणाली.

पाच जणांचं वेगवेगळं औषध मिळालं. पाच कंगवे. सहा आठवडे. मला आणि ताईला माणसांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. आईने पंधरा दिवस काम घेणं बंद केलं. गिऱ्हाइकांना तिने स्वतः कारण सांगितलं, फोनवर, एकेकाला. मी शेजारीच उभा होतो. मला ते जमलं नसतं.

२० मे
औषध भलतंच चालतंय. सशांचं गेलं. इन्स्पेक्टरचं जातंय. ताई परत पार्लरला गेली. चिंधीच्या कानामागे मऊ लव आलीय.

आज मलम लावायला विसरणार होतो. ट्यूब माचिसच्या डबीखाली ठेवली होती, तरी दिसली. लावलं.

आईला विचारलं की बरी झाली तर जायलाच पाहिजे का. आई म्हणाली, शब्द दिलाय. तीस तारखेआधी बरी झाली असती तर राहिली असती. आता बरी झाली की जाणार. मी हिशोब दोनदा केला. बरोबरच येतो.

३ जून
कानामागे गोल शोधावा लागतो. चिंधी काकांच्या खोक्यातच झोपते. तिला तो आवडतो. तो कशासाठी आहे ते तिला सांगून काय उपयोग.

मलम लावलं. पूर्ण वाटाणा.

१२ जून, दुपार
दवाखाना. शेवटची तपासणी. डॉक्टर बाईंनी खोलीत अंधार केला, निळा दिवा लावला. काकू नाही चमकली. इन्स्पेक्टर नाही. ससे नाहीत. चिंधीवर दिवा धरला. कान, मान, पाठ, पंजे. कुठेच काही नाही. बाई म्हणाल्या की शाब्बास, तू फार मनापासून केलंस.

मी विचारलं, अजून एकदा बघता का.

बाईंनी परत दिवा धरला. हळूहळू, सगळीकडे. मी पण वाकून बघितलं.

नव्हतंच काही.