तीन डोळ्यांचा आतेभाऊ

ब्रिस्बेन,
१४ ऑगस्ट

प्रिय वेरेमो,

माकडतोंड्या, मी इथे खुशाल आहे. तू नसशील तर बरंच! आत्याला मात्र माझा नमस्कार सांग. तिने बांधून दिलेले कसाव्याचे कंद विमानतळावरच काढून घेतले, हे तिच्या कानावर घालू नकोस.

आपला सिनेमा विकला गेला का, हे तू आधी विचारशील. थांब जरा.

महोत्सवातला पहिला खेळ भरगच्च झाला. खोबरं वाळवायच्या भट्टीचं केलेलं आपलं यान उतरलं आणि टाळ्या पडल्या. मग म्हाताऱ्यांनी नातं लावून ठरवलं, की परग्रहावरचा हा पाहुणा आपला आतेभाऊच लागतो, आणि पाहुणा झालेल्या तुला चिडवायला अख्खं गाव तुटून पडलं. तिथून थिएटर चिडीचूप. "तीन डोळे असून नुसता बघत काय बसलास? जा, पाणी भर!" या वाक्यालासुद्धा कुणी हसलं नाही. शेवटी एक बाई उठून मला म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला एवढं का छळता हो तुम्ही?"

"छळ कुठला, बाई?" मी म्हणालो. "आतेभाऊ आहे तो! आमच्याकडे आते-मामेभावांनी एकमेकांना चिडवायचंच असतं. अदबीनं वागतो ते आम्ही परक्यांशी."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

दुसऱ्या खेळाला इथल्या वृद्धाश्रमात काम करणाऱ्या आपल्या फिजीच्या नर्सेस आल्या, ड्युटीच्याच कपड्यांत. तू पडद्यावर आलास मात्र, एक ओरडली, "अगं बाई, याला मुलगी कोण देणार?" दुसरी म्हणाली, "तूच कर की लग्न!" हसून हसून त्यांची पुरेवाट. त्यांचं बघून बाकीचेही हसायला लागले. मला रडू आलं, वेरेमो. खरंच आलं.

आता विकायचं सांगतो. एका कंपनीला सिनेमा हवाय. पण चिडवाचिडवी सगळी कापायची, पाहुणा एकटा, दुःखी दाखवायचा, आणि तुझ्या जागी इथला नावाजलेला नट घ्यायचा. हे तुला कसं लिहावं तेच कळेना. होकार दिला असता तर पुढचा सिनेमा लगेच उभा राहिला असता, हे मलाही समजतं.

मी नाही म्हणालो. "दुसरं कुणी विचारणार नाही," असं बजावलं त्यांनी. म्हटलं, न का विचारेना. पडदा खांद्यावर टाकून मी बेटाबेटांवर फिरेन, चर्चच्या सभागृहांत दाखवेन. तू बरोबर यायचंस, सबबी चालणार नाहीत. तुझं थोबाड वटवाघळासारखं आहे, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण ते कुणाला कापू देणार नाही.

तुला छळायचा हक्क कुणालाच न विकणारा,
तुझा मामेभाऊ
इलाइतिया