पेणच्या घरी सांगितलेलं नाव

रोहा
गुरुवार, संध्याकाळ

प्रिय ऋजुता,

फोन करायला दोनदा एसटीडी बूथपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. मागे आपल्याच आळीतली माणसं उभी. मला जे सांगायचंय ते काचेच्या खोक्यात उभं राहून मोठ्याने बोलण्यासारखं नाही. आत्याचा शेखर उद्या पहाटे पुण्याला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. खोलीतल्या मैत्रिणी नसतील तेव्हा वाच.

आई बरी आहे. रविवारी निमिषचे आईबाबा लग्नाचं बोलायला पहिल्यांदाच आपल्याकडे येणार म्हणून तिने पडदे धुतले, गच्चीवर कैरीच्या फोडींची आंबोशी वाळत होती तीही आवरली. उकाडा मात्र असा आहे की दुपारी भिंतीला हात लावता येत नाही. अशा दिवसांत आमच्या दुरुस्तीच्या वर्गाला फार मागणी असते. पेणमधल्या लोकांचे एसी, फ्रिज, पाण्याचे कूलर दुरुस्तीला येतात आणि सर आम्हाला जोडीजोडीने घरोघर पाठवतात.

हा कोर्स करायला तूच लावलंस. कंपनीला टाळं लागल्यावर मी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर नुसता बसून राहायचो. तू म्हणालीस, ‘बाबा, स्टोअरमध्ये इतकी वर्षं पार्ट मोजलेत, आता ते जोडायला शिका.’ तुझ्या शब्दाखातर गेलो. वर्गात सगळी तुझ्या वयाची मुलं, मला काका म्हणणारी. शिकवणारे हैबतराव सरही माझ्याहून लहान. पहिल्या महिन्यात तांब्याच्या नळीचं तोंड फुलवायला बसलो की दरवेळी चिरायची. पुढे हात वळला. सांध्याला साबणाचा फेस लावून गॅसची गळती शोधायची, आणि नेमक्या जागी बारीकसा फुगा वर आला की मला खरोखर आनंद व्हायचा. हे मी तुला कधी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

लिहिलं नाही, कारण वर्गाबाहेर मला या सगळ्याची लाज वाटायची. नट आवळायचे पाने आणि पक्कड मी भाजीच्या पिशवीत नेतो. गाडीत कोणी ओळखीचं भेटलं तर ‘पेणला एका संस्थेत जातो’ एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, शिकवायला जात असेन. तुझ्या काकाने निमिषच्या घरी ‘शरद मॅनेजर होता, आता सल्ला द्यायचं काम करतो’ असं सांगून टाकलं आणि घरी येऊन आम्हाला ते ऐकवलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत राहिलो.

मंगळवारी सरांनी मला आणि पोपटला एका घरचा पत्ता दिला. पोपट पेणजवळच्या जोह्याचा. वडील गणपतीच्या मूर्ती रंगवतात. वर्गात माझ्या शेजारी बसतो आणि निमिषशी तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय हे त्याला माझ्याकडूनच कळलेलं. पत्ता मी दोनदा वाचला. ते निमिषचं घर होतं. सरांना नाही म्हणता आलं असतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. निमिषच्या घरच्यांनी मला कुठे पाहिलंय, असा विचार करून मी गेलो.

त्यांच्या पुढच्या खोलीतला एसी गार हवा देत नव्हता. खिडकीतून तो बाहेर ओढला, धूळ उडायला लागली म्हणून मी तोंडाला रुमाल बांधला. खरं सांगायचं तर धुळीआधीच बांधला होता. आम्ही जाळ्या धूत होतो आणि निमिषचे बाबा आतल्या खोलीत बोलत होते, ‘मुलगी गुणी आहे, निमिषची पसंती आहे. पण वडिलांचं नक्की काय ते कोणी धड सांगत नाही. रविवारी बघू.’ पोपटने माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश फिरवत राहिलो.

काम संपत आलं तेव्हा निमिषची आई चहा घेऊन बाहेर आली. बशीत दोन करंज्याही होत्या. रुमाल सोडावा लागला. ती म्हणाली, ‘तुम्ही या वयात नवीन शिकताय? कौतुक आहे हो. कुठले तुम्ही? नाव काय?’ इतक्या आपुलकीने विचारलं गं तिने. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, ‘गोविंदा. जित्याचा.’ नावही खोटं, गावही. तिने आत वळून नवऱ्याला हाक मारली, ‘अहो, बघा तरी, हे गोविंदा. यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.’ ते बाहेर आले, माझ्याकडे बघून हसले. एसी गार वारा टाकत होता आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

आम्ही स्टेशनच्या रस्त्याला लागलो. पोपट म्हणाला, ‘काका, तुमचा नाव तुमी लपवलात, तो तुमचा प्रश्न हाय. पण आमच्यातला म्हणून वलखू येयाची एवढी लाज वाटते, तर रोज आमच्यासोबत डबा कशाला खाता?’ तो पुढच्या डब्यात जाऊन बसला... नाही, हेही खोटं. त्याला गाडी नव्हतीच घ्यायची. तो जोह्याच्या एसटीकडे वळला आणि मी त्याला थांबवलं नाही.

काल सकाळी मी परत त्या घरी गेलो. निमिषच्या आईने दार उघडलं. ‘या गोविंदा, काही विसरलं का?’ मी उंबऱ्याबाहेरच उभं राहून सांगितलं, ‘मी शरद. ऋजुताचा बाबा.’ तिचा चेहरा मी विसरणार नाही. रागावली नाही, ओशाळली; जणू चूक तिचीच झाली होती. निमिषच्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, ‘तुम्ही हे काम शिकताय याचं आम्हाला काहीच वाटलं नसतं. पण तोंडावर खोटं नाव सांगणाऱ्या माणसाशी सोयरीक कशी जोडायची? आम्हाला विचार करू द्या.’ त्यांचं काय चुकलं? तिथून वर्गात गेलो. पोपट शेजारच्या बाकावर सरकून बसला होता. मी माफी मागितली. तो ‘व्हय’ म्हणाला, पण परत जागेवर आला नाही.

आज दुपारी निरोप आला, रविवारी ते येत नाहीत. निमिषला सगळं कळवलंय आणि तो शनिवारी तुला भेटणार आहे. त्याच्या तोंडून ऐकण्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस, म्हणून हे लिहिलं. ऋजू, माझी बाजू घेऊन त्याच्याशी भांडू नकोस. ‘बाबा घाबरले असतील’ असंही म्हणू नकोस. माझे बाबा एसी दुरुस्तीचं काम शिकतात आणि ते तुमच्या घरी खोटं बोलले, एवढं दोन्ही सांग. मग तो काय म्हणतो ते ऐक आणि तुझं तू ठरव. तुझा निर्णय काहीही असो, आई तुझ्या पाठीशी आहे. मीही आहे, पण सध्या माझ्या असण्याचा तुला आधार वाटावा, असं म्हणायचं तोंड मला नाही.

तुझाच,
बाबा