पॉलिसीवरचं जुनं नाव

अप्पा, काल दादा आला होता. थोरल्या काकांच्या या मुलाचीही आता सत्तरी उलटली. चहा घेता घेता त्यानं पुन्हा तेच काढलं, "काकांचं गोदाम माझ्या चुकीनं गेलं." मी नेहमीसारखी कप उचलून आत गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

भवानी पेठेतला आपला चादरींचा कारखाना तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड करायचं ठरवलंत, तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. कंपनी कायद्यातलं घरात मलाच काय ते कळत होतं. तुमच्या जेवणाच्या ताटाशेजारी वही घेऊन बसायची आणि सांगायची, की कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती, कारखाना आता तुमचा राहणार नाही, तिचा होणार. तुम्ही हसायचात. "म्हंजे मी माझ्याच कारखान्यात नोकर की गं!" वकील म्हणाले, निदान दोन डायरेक्टर लागतात. दुसरं नाव माझंच असणार असं मी धरून चालले होते. वहीच्या मागच्या पानावर सहीसुद्धा करून पाहिली होती. तुम्ही दादाचं नाव दिलंत. मी विचारलं तर म्हणालात, "अक्का, तू उद्या सासरी जाणार. कंपनी काय रुखवतात मांडायची व्हय?" आई हसली, दादा हसला. मीही हसले.

त्या दिवसापासून माझं लक्ष दादावरच असायचं. तुम्ही त्याला स्कूटरवर मागं बसवून महापालिकेत नेता, साहेबांशी ओळख करून देता, येताना दोघं भजी खाऊन येता. कारखान्याचा परवाना कंपनीच्या नावावर झाला, तेव्हा फ्रेम त्याच्याच हातानं भिंतीला लावलीत आणि त्याच्या पाठीवर थाप मारलीत. अर्ज मी लिहिला होता. ती थाप कशी लागते, ते मला बघूनच माहीत आहे.

आपल्याकडे खंडेनवमीला मागांबरोबर कागदांचीही पूजा व्हायची. परवान्याची फ्रेम आणि कपाटातली विम्याची पॉलिसी पाटावर मांडायचं काम माझं. कुंकू लावताना मला दिसलं, परवान्यावर कंपनीचं नाव आहे आणि आगीच्या पॉलिसीवर अजून तुमचंच. माल कंपनीचा, विमा तुमचा. उद्या काही जळलं तर हाती काही येणार नाही, हे मला तिथंच कळलं. नाव बदलून आणायचं काम दादाकडे होतं, आणि तो शेजारीच नारळ सोलत उभा होता. मी पूजा झाल्यावर पॉलिसी होती तशी ठेवून दिली. मला आग नको होती, अप्पा. विम्याचं वर्ष संपून पॉलिसी नवी करताना तुम्हालाच ती चूक दिसावी आणि तुम्ही म्हणावं, यापेक्षा माझी मुलगी बरी होती, एवढंच हवं होतं.

उन्हाळ्यात भर दुपारी सुताचं गोदाम पेटलं. विम्याचा सर्व्हेअर आला. पॉलिसी वाचून म्हणाला, "मालक, यात तुमचं स्वतःचं काय जळालं? सूत तर कंपनीचं." तुम्ही दादाकडं वळलात. "डायरेक्टर म्हणं! एक कागद बघता येत न्हाय तुला? जा घरी, तोंड दाखवू नको." तो सगळ्यांसमोर रडला. मग तुम्ही मला विचारलंत, "अक्का, तू पूजेला काढली व्हतीस की पॉलिसी. तुला दिसलं न्हाय?" मी म्हणाले, "नाही." तुम्ही लगेच मान हलवलीत. "व्हय, तुला कशाला दिसंल."

निम्मे माग विकले गेले. दादाला मात्र तुम्ही चार दिवसांनी स्वतः जाऊन घेऊन आलात, आणि शेवटपर्यंत त्यालाच बरोबर ठेवलंत.

त्याला खरं सांगितलं तर तो मोकळा होईल, हे मला कळतं. पण काल तो डोळे पुसत होता, आणि मला त्याची दया येण्याआधी वाटलं, तुम्ही याला रागावलात तरी. माझ्यावर तुमचा आवाज कधी चढला नाही. चुकावं असं काही तुम्ही माझ्या हाती दिलंच नव्हतं. त्या दिवशीचं ते रागावणं माझ्या वाट्याचं होतं. तो ते इतकी वर्षं आपलं म्हणून सांगतो, याचाही मला हेवा वाटतो.

हे पत्र त्याला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही दाखवणार.