तिसऱ्या गाण्यातलं कुंकू

क्लेमेंटी, सिंगापूर
रविवार, दुपार

चि. अनघा हिस,

प्रबोधदादाचे अनेक आशीर्वाद. मायन्यात ‘चि.’नंतर थोडी मोकळी जागा दिसेल. तिथे पंधरा वर्षं जे अक्षर लिहीत आलो त्यावर पेन थांबलं. लिहावं तर तुला लागेल, न लिहावं तर ते मीच पुसल्यासारखं होईल. तीन कागद फाडल्यावर जागा तशीच सोडली. तुला योग्य वाटेल ते मनात भर. तुझी पाठदुखी कशी आहे? आम्ही तिघं बरे आहोत. स्वप्नालीचा गुडघा कुरकुरतो, आणि शिवांगी नववीत गेल्यापासून माझ्या प्रत्येक वाक्याला इथल्या लोकांसारखं ‘कॅन’ किंवा ‘कॅनॉट’ एवढंच उत्तर देते.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी तुझ्याशी तीनदा खोटं बोललो आहे. ‘क्षितिजचं पार्सल आलं का?’ असं तू विचारलंस आणि तिन्ही वेळा मी ‘अजून नाही’ म्हणालो. पार्सल दसऱ्याच्या आदल्या दिवशीच आलं होतं. (तिसऱ्यांदा तर ‘पोस्टाचं काही खरं नाही’ असंही म्हणालो. इथल्या पोस्टाने माझं कधीही वाकडं केलेलं नाही. त्या रात्री माझ्या चुका लिहायच्या वहीत तशी नोंद केली आहे.)

तुला ठाऊकच आहे, जहाजावर असताना तो सगळी पार्सलं माझ्या पत्त्यावर मागवायचा आणि जहाज इथे लागलं की घेऊन जायचा. हे पार्सल, म्हणजे अजून निघायची असलेली एक रेकॉर्ड, त्याने जानेवारीतच मागवून ठेवलं होतं, आणि तो गेला फेब्रुवारीत. इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात जहाज दुरुस्तीला थांबलं असताना त्याने एका पबमध्ये ज्या दोघांना ऐकलं होतं, त्यांची ही पहिली रेकॉर्ड. एकजण गिटार वाजवून गातो, एक बाई ड्रम बडवते, बस. त्याने फोनवर मला ऐकवलं तेव्हा मी विचारलं होतं, ‘दोघंच? बाकीचे कुठे गेले?’ तो म्हणाला, ‘दादा, दोघं पुरतात.’ मी म्हणालो, ‘मग आवाज तरी कमी करा म्हणावं.’ आमचं शेवटचं बोलणं हे. ह्याहून बरं काही मला सुचायला हवं होतं, पण आपलं बोलणं शेवटचं आहे हे आधी कोण कळवतं?

आता अपराध सांगतो. दर दसऱ्याला तो जहाजाच्या इंजिनरूममध्ये पाना-पेचकसाची पूजा मांडायचा आणि फोटो पाठवायचा. या वर्षी फोटो येणार नव्हता. म्हणून माझ्या लॅपटॉपशेजारी पाटावर मी त्याचं पार्सल ठेवलं. स्वप्नाली म्हणाली, ‘कुंकू वरूनच लाव.’ मला ते पटेना. प्लास्टिकच्या वेष्टनाची पूजा केली तर ती वेष्टनालाच पोचणार ना? म्हणून फोडलं. मग पुठ्ठ्याच्या पाकिटाला लावावं, तर त्यावर त्या दोघांचा फोटो. परक्या बाईच्या कपाळाला न विचारता कुंकू कसं लावायचं? म्हणून तबकडीच बाहेर काढली. मधल्या कागदी गोलावर नावं छापलेली होती, ती झाकायला नकोत, म्हणून बाजूच्या काळ्या, रिकाम्या दिसणाऱ्या भागावर ओल्या बोटाने हळद, कुंकू आणि चार अक्षता. इतका विचार करून केलेली चूक माझ्या आयुष्यात दुसरी नाही. शिवांगी खोलीतून आली, बघून म्हणाली, ‘पापा, म्यूझिक इज ऑन द ब्लॅक पार्ट, ला.’ मी घाईने ओलं फडकं फिरवलं. कुंकू गेलं नाही, आत गेलं.

आमच्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही. ते ऑफिसातल्या संजीवकडे आहे, ईस्ट कोस्टला. पुढच्या शनिवारी तबकडी छातीशी धरून निघालो. लिफ्टमध्ये शेजारच्या चिनी आजींनी ‘पिझ्झा आह?’ असं विचारलं आणि मी हो म्हणालो. (एवढं समजावत बसलो असतो तर तळमजला आला असता, तरी ‘नाही’ म्हणता आलं असतं.) एमआरटीच्या गाडीत जागा रिकामी असून उभा राहिलो. बसताना वाकली असती तर?

संजीवने तबकडी उजेडात धरली. ‘हे कुंकू आहे?’
‘हो.’
‘रेकॉर्डला?’
‘दसरा होता.’
त्याने तबकडी यंत्रावर ठेवली. पंधरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो, त्याला मी माहीत आहे.

पहिली दोन गाणी नीट वाजली. (मला आवडली नाहीत. ते इथे लपवणं बरोबर नाही.) तिसऱ्या गाण्यात गिटार वर चढत गेली, बाईने एक जोरदार ठोका दिला आणि ‘टक्’ होऊन सुई मागे आली. पुन्हा गिटार, पुन्हा ठोका, पुन्हा टक्. संजीवने हात पुढे केला, ‘उचलू का?’ मी म्हणालो, ‘थांब.’ त्याची बायको विनीता चहा घेऊन आली आणि आमच्याकडे बघून तशीच परत गेली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. संजीव चार मिनिटं म्हणतो. फेब्रुवारीपासून मी रडलो नव्हतो. प्रेत उतरवून घेण्याचे कागद मी केले, तिकिटं मी काढली, आणि सगळे म्हणाले, धाकटा भाऊ गेला तरी प्रबोध किती खंबीर आहे. मी खंबीर नव्हतो, कामात होतो.

तर तुझी वस्तू मी बिघडवली आणि वर खोटं बोललो. शहरातल्या दुकानातून तीच रेकॉर्ड नवी आणली आहे. ऑफिसातला विश्वास पुढच्या आठवड्यात पनवेलला येतोय, तो घरी आणून देईल. (त्याला पूजेची सवय नाही, तेव्हा काळजी नसावी.) झालं गेलं माफ कर.

तुझा,
प्रबोधदादा

ता. क. – नवी पाठवतोय ती जुनी बिघडली म्हणून, हे अर्धंच खरं. नवी मी संजीवकडे लावून बघितली. तिसऱ्या गाण्यातली ती जागा आली कधी आणि गेली कधी, कळलंसुद्धा नाही. बिघडलेली माझ्याकडे राहू देशील का? हक्क तुझा आहे. नाही म्हणालीस तर तीही पाठवीन.

ता. क. २ – मूळ गोष्ट अजून राहिलीच. तेराव्याला सविताकाकू सगळ्यांसमोर तुझ्या टिकलीवरून बोलल्या तेव्हा मी दारातच उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी वाटीतली खीर ढवळत राहिलो. त्या दिवसापासून वहीत रोज वेगळं काहीतरी लिहितो, ते हे लिहायचं टाळण्यासाठी. जानेवारीत आम्ही येतोय. स्वप्नाली घरी संक्रांतीचं हळदीकुंकू करणार आहे आणि पहिलं बोलावणं तुला आहे. ये. काकूही असतील. या वेळी मी बोलेन. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलंय. ऐन वेळी बोबडी वळली, तर वाचून दाखवीन.